कोंड्याची टाइमलाइन

लांब मुलाखत कापायची दीपमालाची एक ठरलेली रीत होती. आधी सगळं चित्रीकरण दीडपट वेगानं ऐकायचं, कात्रीला हात लावायचा नाही. ऐकता ऐकता कामाच्या वाक्यावर हिरवी खूण करायची, शंकेच्या वाक्यावर पिवळी. मग आवाजाच्या लहरीकडे पाहायचं. माणूस बोलतं तिथं लहर उठते, गप्प बसतं तिथं ती सपाट होते. त्या सपाट जागा एका दमात उचलायच्या आणि बोलणं बोलण्याला भिडवायचं. चार तासांची मुलाखत अशी दुपारभरात निम्म्याहून कमी होते. पुढचं काम मग चवीचं.

ही रीत तिनं अकोल्याला ललितदादाच्या स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ कापता कापता उचलली होती. कापलेलं काहीच तो फेकू देत नसे. "गिऱ्हाईक पाहून जाऊ दे, मंग फेक कोंडा," म्हणायचा. "उद्या नवरदेवाचा मामा येऊन इचारते, माहा फेटा काहून कापला?" म्हणून कापलेल्या रिकाम्या जागा स्क्रीनवरच्या दुसऱ्या पट्टीवर, दुसऱ्या टाइमलाइनवर, ओळीनं साचत जायच्या. दीपमालानं त्या टाइमलाइनचं नावच 'कोंडा' ठेवलं होतं.

आता अमरावतीत राजापेठेच्या मागं तिची स्वतःची खोली होती. दोन स्क्रीन, एक कूलर आणि कोणाचं नाव न लावता स्वतःच्या नावावर आलेलं पहिलं काम. भातकुलीजवळच्या एका गावात वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली होती आणि रविवारी दुपारी उद्घाटनाला गावाची फिल्म दाखवायची होती. त्या गावात पन्नासेक वर्षांपूर्वी, बाया वावरातून आल्या की कापसाच्या कोठीत त्यांची शाळा भरे. वाचनालय पुढं त्या शाळेतूनच उभं राहिलं. ती शाळा कोणी सुरू केली, हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

"आमच्या बापानं," वाचनालय समितीचे अध्यक्ष खुशालराव म्हणाले होते. "कोठी कोनाची व्हती? त्याचीच ना? कोनशिलेवर थेच नाव येनार. फिल्मीत बी पयल्या मिनिटात पाहिजे, बाई."

"तिथं शिकलेल्या पंचफुलाआजीनं सांगितलं तर टाकते," दीपमाला म्हणाली.

"अन् नाई सांगतलं तर?"

"तर नाही टाकत."

खुशालराव हसले. "मंग फिल्म झाल्यावर मी माईकवर सांगतो. सोपं काम."

पंचफुलाबाई त्या शाळेतली पहिली विद्यार्थिनी. तिच्या घरी, खाऱ्या पाण्यानं पोपडे धरलेल्या भिंतीजवळ, दोन कॅमेरे लावून दीपमालानं तिला दिवसभर बोलतं केलं. म्हातारी झऱ्यासारखी बोलली. पेन्सिल पहिल्यांदा कशी विळ्यासारखी मुठीत धरली, बसच्या पाटीवर 'अमरावती' वाचल्यावर कंडक्टरला कसं सुनावलं, सासूनं चूल कशी विझवली, सगळं सांगितलं. फक्त एका प्रश्नाला ती गप्प होई. शाळा कोणाची? मग ती डावीकडं भिंतीकडं पाही, बराच वेळ पाही, आणि दुसरीच गोष्ट काढी. इतर म्हाताऱ्यांनाही विचारलं. त्या म्हणत, पंचफुलाले इचार.

शुक्रवारी दुपारी दीपमालानं कोंडा एकदा चालवून पाहिला. सवय म्हणून. अशा तुकड्यांची माळ नेहमी उड्या मारते. हात इथला तिथं जातो, ऊन भिंतीवरून एकदम खाली पडतं. ती हसत हसत पाहायची असं.

या वेळी एकही उडी आली नाही.

ऊन भिंतीवरून सरळ सरकत होतं. पंचफुलाबाईचा हात मांडीवरून उठला आणि पुढच्या तुकड्यात, तितक्याच सावकाश, कपाळाशी पोचला. दारातून एक बकरी आत आली. तिचा पुढचा पाय हवेत होता तिथं तुकडा संपला. पुढचा तुकडा तीन तासांनंतरचा होता. त्यात तो पाय खाली टेकला.

दीपमालानं तारखा, वेळा तपासल्या. तुकडे आपापल्या जागचेच होते. तिनं अकोल्याला फोन लावला.

"दादा, कोंडा सलग चालून राहिला."

"सलग म्हंजे?"

"जोड दिसत नाही. कुठंच."

"पंख्याचा आवाज सारखा असन. मंग कानाले जोड लागत नाई."

"कानाचं नाही सांगून राहिली मी. बकरी, दादा. सकाळच्या तुकड्यात पाय उचलते अन् दुपारच्या तुकड्यात खाली ठेवते."

ललितनं विचारलं, "जेवली का तू?"

"जेवली."

"दोन कॅमेरे व्हते ना? दुसरा पाहून घे. अन् आवाज वाढवून आयक."

दुसऱ्या कॅमेऱ्यात सगळी खोली येत होती. पंचफुलाबाई जिकडं पाही तिकडं भिंत होती, भिंतीवर मिठाचे पांढरे पोपडे होते, आणखी काही नव्हतं. दीपमालानं पंख्याची घरघर खाली आणली आणि उरलेला आवाज वर चढवला. बारीक खरखर ऐकू आली. थांबून थांबून, पुन्हा. तिला वाटलं माईकची तार घासली असेल. मग खरखर एका ठिकाणी लांब ओढली गेली. शब्द पुरा झाला की वरून रेघ ओढतात, ती तशी ओढलेली होती. दगडी पाटीवर कोणीतरी लिहीत होतं.

तुटक तुकड्यांत तो आवाज कोणाला कळला नसता. दिवसभरात विखुरलेला एकेक ओरखडा होता तो. सगळे एका ओळीत आले तेव्हा त्यांचं लिहिणं झालं होतं. आणि पंचफुलाबाईचे डोळे त्या भिंतीवर डावीकडून उजवीकडं जात होते, परत येत होते, खालच्या ओळीवर उतरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लॅपटॉप घेऊन दीपमाला भातकुलीच्या बसमध्ये बसली. म्हातारीनं चष्मा पुसला, मांडी घातली आणि कोंडा शेवटपर्यंत पाहिला. बकरी आल्यावर म्हणाली, "हे चोट्टी तवा बी आत घुसली वाटते." मग तिची मान हळूहळू ताठ झाली. चेहऱ्यावर असं तेज आलं की दीपमालाला कॅमेरा आणला नाही याचं वाईट वाटलं.

"अक्षर पाह्य कसं हाये अजून," पंचफुलाबाई म्हणाली. "मोत्यावानी."

"कोणाचं अक्षर, आजी?"

"माह्या तोंडानं नाव निंगनार नाई, पोरी. तिनं आमाले शब्द द्यायले लावला व्हता. घरी समजलं असतं तर तिच्या पाठीचं कातडं काढलं असतं. मंग थे गेली, अन् शब्द तसाच राह्यला."

"नाही सांगितलं तर उद्या दगडावर खुशालरावाच्या बापाचं नाव येईल."

"मले काय धमकावतं? थे लिहून दाखवून राह्यली ना. तू वाच."

"मला दिसत नाही."

"एवढी शिकली अन् दिसत नाई म्हन्ते!" म्हातारी खुदकन हसली. मग तिनं दीपमालाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "ज्यायले दिसते त्यायले दाखव मंग. पन कापू नको. एक बी ओरखडा कापू नको."

दीपमालानं त्या संध्याकाळी आपली सगळी हुशारी पणाला लावून फिल्म पुरी केली. आणि शेवटी, जे ती कधीच करत नसे ते केलं. सगळा कोंडा, दहाएक मिनिटांचा, जसाच्या तसा जोडला. त्यावर संगीत टाकलं नाही, अक्षरं टाकली नाहीत. काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं, पण इतकं चोख काम आपल्या हातून आजवर झालं नाही, एवढं तिला कळत होतं.

रविवारी नव्या इमारतीच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला. पुढं जुन्या शाळेतल्या बाया बसल्या, मध्ये पंचफुलाबाई. मागं प्रोजेक्टरजवळ भिंतीला टेकून दीपमाला. खुशालराव माईक हातात घेऊन कडेला उभे.

फिल्म रंगली. विळ्यासारख्या पेन्सिलीला हशा पडला, कंडक्टरला टाळ्या पडल्या. मग कोंडा सुरू झाला. पडद्यावर म्हातारी गप्प. लोक चुळबुळले.

"अटकली का, बाई?" खुशालरावांनी विचारलं.

"नाही," दीपमाला म्हणाली.

खरखर सुरू झाली.

पुढच्या रांगेतल्या माना एकाच वेळी डावीकडं वळल्या. एकाच वेळी उजवीकडं गेल्या. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेली एक होती, तिचीही मान वळली.

मग त्या वाचू लागल्या. लहान पोरं वाचतात तशा, एका सुरात.

"सो."

"न."

"का."

पंचफुलाबाई वाचत नव्हती. ओठ मिटून ती नुसती डोलत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

खुशालरावांच्या हातातला माईक खाली आला. "सोनका," ते म्हणाले. "आमच्या बापाची पयली बायको. घरात तिचं नाव घ्यायची सोय नोती." मग त्यांनी माईक पुन्हा तोंडाशी नेला. आवाज कापत होता, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "दगडावर थेच लिवा."

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दीपमालाची छाती भरून आली. आपल्या नावाची पाटी पडद्यावर येऊन गेली तेही तिनं पाहिलं नाही.

फिल्म संपली. तिनं प्रोजेक्टर बंद केला.

खरखर थांबली नाही.

टाळ्या हळूहळू विरल्या. बाया पांढऱ्या पडद्याकडं पाहत आणखी एक ओळ वाचून मोकळ्या झाल्या, या वेळी मनातल्या मनात. मग सगळ्या मागं वळल्या, दीपमालाकडं. तिच्याकडं, आणि जराशा तिच्या बाजूला.

त्या सतरंजीवर सरकल्या. मध्ये दोघींची जागा झाली.

दीपमाला पुढं गेली आणि त्यातल्या एका जागेवर बसली. तिच्या आणि पंचफुलाबाईच्या मध्ये सतरंजी मोकळीच होती.

थोड्या वेळानं पंचफुलाबाईनं त्या मोकळ्या जागेवर पसरलेला आपला पदर ओढून घेतला. तो लवकर निघाला नाही. "जराशी उठ वो," ती हळूच म्हणाली, आणि पदर सुटला.