मासा धरून सोडणारा

दुबईच्या डोंगराळ भागातल्या हत्त्याच्या धरणात तेव्हा बोटाएवढी पिलं वगळता मासा म्हणावा असं काही नव्हतं. तरीही दोन हजार तीनच्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, बोडक्या डोंगरांवर पावसाची भुरभुर चालू असताना, एक उंच तरुण त्या हिरव्या पाण्यात गळ टाकून उभा होता. गळाला आमिष नव्हतं. माशाला भुलवायला पितळेचा एक लांबट, चकचकीत चमचा होता. तो हा चमचा लांब फेकायचा, फिरकीनं दोरी गुंडाळत ओढून आणायचा, आणि पुन्हा फेकायचा.

मुग्धा ऑफिसच्या पिकनिकमधून पाय मोकळे करायला वर आली होती. पोरगी शारजात वाढलेली, पण घर मूळचं मालवणकडचं, होडीवाल्यांचं. हे दृश्य पाहून तिच्या सात पिढ्या एकदम हसल्या असाव्यात.

"एक्स्क्यूज मी... यहाँ मछली नहीं है."

"ठाऊक आहे," तो पाण्यावरची नजर न काढता मराठीत म्हणाला.

मुग्धा दोन पायऱ्या खाली उतरली. "मग काय शोधताय? चमच्याची जोडी?"

"सराव करतोय. फेकण्याचा."

"ते दिसतंच आहे. छान फेकताय."

आता मात्र तो वळला. चष्म्यावर पावसाचे थेंब, त्यामागे गोंधळलेले डोळे. आणि त्या गोंधळातच तो हसला. मुग्धा पुढं मैत्रिणींना सांगायची की मला काहीसुद्धा झालं नाही. मैत्रिणी विचारायच्या, मग तू तुझी बस का चुकवलीस?

तो उल्हास. पुण्याचा इंजिनीअर, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका झडपांच्या कारखान्यात कामाला. कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी स्वीडनला धाडलं होतं. तिथं डोंगरातल्या तळ्यांवर साहेबानं त्याच्या हाती काठी दिली आणि माणूस बिघडला.

"पाइक नावाचा मासा असतो," गाडीतून तिला शारजाला सोडताना तो सांगत होता. "लव्हाळ्यात दबा धरून बसतो. हलत नाही, डुलत नाही. आणि एकदम... झप! तोंडात सातशे दात, सगळे आत वळलेले. साधी दोरी कचकन तोडतो, म्हणून पुढं पोलादी तार लावायची. मी धरलेली साडेतीन फूट होती."

"'असतो' म्हणालात, मग 'होती' कशी?"

"मोठी पाइक नेहमी मादीच असते. नर बिचारे छोटे, लांबून बघत बसतात."

"शहाणे आहेत," मुग्धा म्हणाली. "मग? केलंत काय तिचं? रस्सा की तळलीत?"

"सोडली."

"काय?"

"पाण्यात धरून ठेवली, तिला दम येईपर्यंत. मग तिनंच शेपटीचा एक फटका मारला माझ्या मनगटावर आणि..." त्यानं स्टिअरिंगवरचा हात उचलून हवेत सळकन नेला. "गेली."

मुग्धा खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर ओली वाळू होती, ओले उंट होते. पण तिला दिसत होतं ते थंड पाणी, आणि त्यात ओंजळ उघडून उभा असलेला हा वेडा.

पुढचे शुक्रवार हत्त्यात गेले. तिनं फेकायला शिकून घेतलं, लांब चिमट्यानं गळ कसा सोडवतात तेही. गळ अडकवायला मासा नव्हता, म्हणून त्याचा जुना बूट वापरला. चौथ्या शुक्रवारी तिचा चमचा त्याच्यापेक्षा लांब पडला.

"वारा होता," उल्हास म्हणाला.

"वारा तुमच्याही बाजूला होता. आणि ऐका, आता 'तुम्ही' खलास. हरलेल्या माणसाला मी 'तू' म्हणते."

"आणि जिंकलो असतो तर?"

"तरी 'तू'च म्हटलं असतं... फक्त जरा उशिरा."

इथवर सगळं गोड. कडू व्हायला सुरुवात झाली ती मुग्धाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. तिचे बाबा मुरलीधर शारजाच्या बंदरात स्टोअरचे साहेब होते, पण अंगातला दर्या काही उतरला नव्हता. पहिला अर्धा तास उत्तम गेला. पुणेकर असून पोरगा बांगडा काट्यावरून अलगद सोलत होता. मग मुग्धाच्या आईनं, प्रमिलाबाईंनी, कौतुकानं विचारलं, "मुग्धा म्हणते तुम्ही मोठे मासे धरता?"

उल्हासनं पाइकची गोष्ट सांगितली. शेवटासकट.

मुरलीधरांचा घास हातात राहिला. "सोडलंस? धरून सोडलंस?"

"हो काका. तिथं तशीच पद्धत आहे. मोठी मादी म्हणजे तळ्याची आई. ती राहिली, तर तळं राहतं."

"मगे धरलंस कित्याक? पोटाक भूक नाय, घरात कोण वाट बघणारा नाय, आणि गंमत म्हणान तिच्या जबड्यात गळ घातलंस? आमच्यात दर्यान दिलेला परत फेकणा म्हणजे माजोरीपणा." संताप चढला तसे ते मालवणीवरून शुद्ध मराठीवर आले, आणि हे फार वाईट लक्षण होतं. "हाती आलेलं जो सोडून देतो, त्याच्या हाती मी माझी मुलगी देणार नाही."

"बाबा, मी मासळी नाहीये," मुग्धा म्हणाली.

"तू गप. येत्या शुक्रवारी दिब्ब्याच्या समुद्रावर, माझ्या ओळखीच्या बशीरची होडी. ह्याने सुरमई धरायची, घरी आणायची, हिने कापायची, आम्ही खायची. मग बोलू. नाहीतर सावंतांचा मुलगा बघायला येतोच आहे."

मुग्धाला वाटलं, उल्हास आता काहीतरी सणसणीत बोलेल. तो म्हणाला, "चालेल, काका."

जिन्यात तिनं त्याला गाठलं. "चालेल? काय चालेल?"

"एक मासाच तर आहे, मुग्धा. तू हवी आहेस मला."

हे वाक्य एरवी तिनं जन्मभर उशाशी घेतलं असतं. आज ते घशात काट्यासारखं रुतलं.

दिब्ब्याचे डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेत. सकाळचं ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं असेल, तेव्हा बशीरनं इंजिन मंद केलं. मागं उल्हास काठी धरून, पुढं मुरलीधर छातीवर हात बांधून, मध्ये मुग्धा. चमचा पाण्याखालून लखलखत येत होता.

आणि काठी वाकली. अशी वाकली की टोक पाण्यात गेलं. फिरकी किंचाळली.

"कनद! बड़ा कनद!" सुरमईचं अरबी नाव घेत बशीर नाचायला लागला. "यल्ला, यल्ला! जल्दी!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या सुरमईनं होडी ओमानच्या दिशेनं ओढत नेली. उल्हासचा चष्मा समुद्रात गेला, तरी त्यानं दोरी सैल होऊ दिली नाही. बऱ्याच वेळानं ती वर आली. होडीच्या कडेला आडवी झाली, निळी, रुपेरी, माणसाच्या पोराएवढी. कल्ले उघडझाप करत होते.

"अरे, काय सुंदर...!" मुरलीधरांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी लगेच आकडी पुढं केली, मासा टोचून वर घ्यायची. "हाण! बघतंस काय!"

उल्हासनं आकडी घेतली. एकदा माशाकडं पाहिलं, एकदा मुग्धाकडं. त्याचा चेहरा शाळेत छडी खायला हात पुढं करणाऱ्या मुलासारखा झाला होता. त्यानं आकडी उचलली...

"थांब!"

मुग्धा होडीच्या काठावर पालथी पडली होती. डाव्या हातात पोलादी तार, उजव्यात चिमटा. एक हिसका, एक पीळ... गळ सुटला. तिच्या बोटावर सुरमईचा दात घसरला, लाल रेघ उमटली. मासा क्षणभर तसाच राहिला, आणि मग निळ्यात निळा मिसळून गेला.

बशीरचं नाचणं थांबलं.

"मुग्धा!" मुरलीधर ओरडले. "काय केलंस हे?"

"मी सोडली, बाबा." ती उठून उभी राहिली. केस ओले, बोटातून रक्त. "भूक असती तर मीच कापली असती, मीच तळली असती. पण ही जेवायला नव्हती, ही माझी किंमत होती. आता काय करणार? हाती आलेलं सोडणारी मुलगी तुमच्याच घरात निघाली. मलाही घालवून द्या." मग ती उल्हासकडं वळली. "आणि तू! कुणासाठी आकडी उचललीस?"

"तुझ्यासाठी."

"मला विचारलंस? मला तो तळ्यात ओंजळ उघडून उभा असलेला माणूस आवडलाय. बाबांना घाबरून 'चालेल' म्हणणारा नको. तो परत येणार असेल तर सांग, नाहीतर मला किनाऱ्याला सोड."

उल्हासला चष्म्याशिवाय ती धूसर दिसत होती. त्यानं आकडी खाली ठेवली. अगदी सावकाश म्हणाला, "काका, माफ करा. मुग्धाशी मला लग्न करायचंय. पण मासे मी सोडणारच. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा."

मुरलीधरांनी वाकून पाण्यात हात घातला. सुरमई जिथं गेली, तिथं.

"चिमटो बरो धरतंस गो," ते शेवटी पुटपुटले. "बोटाक पाणी लाव. खारा."

पण रिकाम्या हातानं घरी जाणं त्यांना काही जमेना. किनाऱ्याला उतरल्यावर ते तडक मासळीबाजारात शिरले आणि एक सुरमई पिशवीत घालून बाहेर आले. गाडीशी उभे राहून त्यांनी मोबाइल कानाला लावला.

"प्रमिला? मसालो वाट. होय, गावली. चांगली पाच फुटांची होती, अर्धी बशीराक दिली... कोणी म्हणजे? जावयान धरली!"

उल्हास लाल झाला. मुग्धानं बाबांच्या हातून फोन काढून घेतला.

"आई, सगळी थाप आहे, मासा विकतचा आहे," ती म्हणाली. मग उल्हासकडं बघत, रुमाल बांधलेलं बोट त्याच्या बोटात अडकवत म्हणाली, "जावई मात्र... मीच धरलाय. आणि हा मी सोडणार नाहीये."