तिसऱ्या नंबरचा पिस्टन

"तो हातोडा ठेवा खाली," मी म्हटलं.

म्हणजे तोंडातून निघूनच गेलं. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी पॉलिश पेपर घ्यायला शिरले होते. बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती. आणि माझ्या शेजारी एक उंच, चष्मेवाला माणूस दोन किलोचा हातोडा हातात तोलत दुकानदाराला विचारत होता, "जाम झालेल्या इंजिनाला हा पुरेल का हो?"

तो वळला. चष्म्यावर पावसाचे थेंब होते, त्यामुळे त्याला मी नीट दिसत होते की नाही कोण जाणे.

"का? जड होईल मला?"

"तुम्हाला नाही. इंजिनाला."

"इंजिनातलं कळतं तुम्हाला?"

मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. नखांच्या कडेनं काळी रेघ आहे माझ्या; कसलाही साबण लावा, जात नाही. त्यानं चष्मा पुसला, हात बघितले, मग मला बघितलं... जरा जास्तच वेळ. हातोडा मात्र मुकाट्यानं ठेवून दिला.

"मी संजीव. धारवाडला कॉलेजात इतिहास शिकवतो."

"भार्गवी. गोकुळ रोडला भीमरावांचं गॅरेज आहे, मी त्यांची मुलगी. आमच्याकडं इंजिनं मी खोलते."

गाडी त्याच्या आत्याची होती. अंबूताईंची फियाट. शाळेत गणित शिकवायच्या त्या, आणि गाडी स्वतः चालवायच्या. पुढं डोळ्यांना कमी दिसायला लागलं आणि गाडी धारवाडात सप्तापूरच्या घराशेजारच्या शेडमध्ये जी थांबली, ती अकरा वर्षं तिथंच. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी सुटल्या दिवशी त्यांनी पहिलं काय मागितलं असेल, तर गाडीची किल्ली.

"पण इंजिन हलतच नाही," संजीव म्हणाला. "एक मेकॅनिक म्हणाला, भंगारात घाला. आत्या दोन दिवस जेवली नाही नीट."

"रविवारी येते," मी म्हटलं. "तोवर कशालाही हात लावू नका."

रविवारी गेले. अंबूताईंनी आधी कॉफी दिली, मग फोडणीचे पोहे, आणि मग शेडचं दार उघडू दिलं. मी चारही प्लग काढले, आत बारीक दिवा धरला. तिसऱ्या नंबरच्या पिस्टनभोवती गंजाचं तांबूस कडं धरलं होतं. पावसाचं पाणी कुठून तरी आत गेलं होतं.

मी बाटलीतून माझं मिश्रण ओतलं. अर्धं पातळ ऑइल, अर्धं थिनर.

"आता?" संजीवनं बाह्या सरसावल्या.

"आता घरी जायचं."

"एवढंच?"

"रोज सकाळी दोन चमचे घाला. पुढं हँडल लावून हलकेच हलवून बघा. हललं तर हललं. जोर करायचा नाही."

"आणि नाही हललं तर?"

"मला फोन करा."

त्यानं केला. दुसऱ्याच दिवशी, सकाळी साडेसातला. "नाही हललं."

"इतक्यात हलतंय होय!"

"तुम्ही म्हणालात फोन करा..."

मग रोजच साडेसात. पहिल्या वाक्यात इंजिन संपायचं आणि मग वीस-वीस मिनिटं... त्याच्या वर्गात झोपणारी पोरं, माझ्याकडं आलेला हट्टी ट्रॅक्टर, अंबूताईंनी शेजाऱ्यांशी घातलेला वाद. गॅरेजमध्ये बाकावर पेपर वाचणारे माझे अप्पा हळूच म्हणायचे, "कुठल्या गाडीचा आजार आहे ग हा, रोज सांगावा लागतो?"

दुसऱ्या रविवारी इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, हेडचे, नट सोडायला घेतले. तेही गंजलेले. मी नट तापवला आणि त्याला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. पान्याला जरा हिसडा दिला, नट करकरला, फिरला.

"लाइट गेल्यावरची मेणबत्ती इथं चालते?" संजीव थक्क होऊन म्हणाला.

"तुम्ही धरा आता. तापलाय, जपून..."

त्यानं मेणबत्ती धरली. आमची डोकी बॉनेटखाली इतकी जवळ आली होती की मला त्याच्या सदऱ्याचा इस्त्रीचा वास आला. नट सुटला आणि तो पोरासारखा हसला. मी उगाचच पाना पुसत बसले.

त्या दिवशी पोहे खाताना अंबूताईंनी थेट विचारलं, "लग्न का नाही केलंस ग?"

"दोन ठिकाणी ठरत आलं होतं. दोन्हीकडं म्हणाले, गॅरेज सोड."

"आणि?"

"मी पोरगं सोडलं."

अंबूताई खदखदून हसल्या. संजीव हसला नाही. तो माझ्या हातांकडं बघत होता.

सायलेन्सरचा पाइप धरणारा एक नट तेवढा राहिला होता. "याला राहू दे पुढल्या रविवारपर्यंत," मी सांगून निघाले.

सोमवारी फोन आला. मंगळवारीही. बुधवारी... नाही. गुरुवारी नाही. साडेसात वाजले की मी फोन टेबलावर पालथा ठेवायची आणि पाच मिनिटांनी सुलटा करायची. असं काय बोलले होते मी? गॅरेजचं सांगितलं म्हणून? सगळे सारखेच, असं मनाशी म्हटलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

रविवारी तरी गेले. काम अर्धं टाकायची सवय नाही मला. त्या राहिलेल्या नटाला पाना लावला मात्र, नट तुटक्या बोल्टासकट माझ्या हातात आला. कुणीतरी जोर करून तो मोडला होता, आणि ग्रीस थापून परत जागेवर बसवला होता.

मी वळून बघितलं. संजीव दारात उभा होता, कानापर्यंत लाल.

"बुधवारी," तो म्हणाला. "पान्याला पाइप लावून ओढलं. मला वाटलं, तुम्ही याल तेव्हा सुटलेला दाखवावा..."

"मोडलं त्याचं काही नाही. मोडलेलं मी काढते. पण लपवलंत का?"

तो चष्मा पुसायला लागला.

"माझा पाना सटकला असता, तुटकं टोक हाताला लागलं असतं. ज्याच्याबरोबर काम करते त्याचा भरवसा लागतो मला." मी पाने गोळा केले. अंबूताईंची कॉफीही घेतली नाही. बसमध्ये खिडकीशी बसले आणि वाटेतलं नवलूर येईपर्यंत डोळे पुसत राहिले, एका नटापायी.

सोमवारी अकराच्या सुमारास गॅरेजमध्ये एक पाय आत आलेला दिसला. पॉलिश केलेला बूट, तेलाच्या डबक्यात. संजीव रजा टाकून आला होता. मी ट्रकच्या इंजिनावर वाकलेली, चार गिऱ्हाइकं उभी, अप्पा बाकावर.

"नमस्कार. मी संजीव," तो अप्पांना म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्या मुलीनं हात लावू नका म्हटलं होतं, मी लावला. बोल्ट मोडला. आणि त्या रागावतील, परत येणार नाहीत, म्हणून लपवला. तेच चुकलं."

अप्पांनी पेपर खाली केला. "परत आली नाही तर काय होईल? इंजिन दुसरा कुणी सोडवेल की."

"इंजिनाचं नाही हो म्हणत मी..."

एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. माझा पाना हातातून सुटून टणकन पडला.

"अय्यो देवा," अप्पा म्हणाले आणि पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. "भार्गवी, यांच्या बुटाला तेल लागलंय. चिंधी दे."

मी चिंधी दिली. "शनिवारी येते," एवढंच म्हटलं. "ड्रिल लागेल. लाइट असल्याची खात्री करा."

तुटका बोल्ट काढायला अख्खी सकाळ गेली. मी ड्रिल धरलं, तो थेंब थेंब तेल सोडत राहिला. जिथं शंका आली तिथं थांबून विचारत राहिला. हेड उचललं. गंजाचं कडं पॉलिश पेपरनं साफ केलं, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं. पुढून संजीवनं हँडल धरलं.

"थोडं पुढं. थोडं मागं. बास... पुन्हा."

किती वेळ गेला कळलं नाही. मग आतून टिक असा बारीक आवाज झाला आणि पिस्टन केसभर खाली सरकला.

"भार्गवी!" तो ओरडला. पहिल्यांदाच नुसतं नाव. मी धावत पुढं गेले, त्याच्या हातांवर हात ठेवून हँडल फिरवलं. एक पूर्ण फेरा. चारही पिस्टन वरखाली झाले. अंबूताई दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि आम्ही दोघांनीही हात काढले नाहीत.

नव्या रिंगा, नवं गॅस्केट, कार्बुरेटरची सफाई, यात आणखी तीन आठवडे गेले. दसऱ्याच्या आदल्या रविवारी गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि सुरू झाली. अंबूताई स्टिअरिंगवर बसल्या. आम्हाला मागं बसायचा हुकूम झाला. एकही गिअर न चुकवता त्यांनी गाडी थेट कलघटगीला नेली, आपल्या जुन्या मैत्रिणीच्या, कौसल्याबाईंच्या दारात उभी केली आणि "दहा मिनिटांत येते" म्हणून आत गेल्या. त्या दहा मिनिटांचा चांगला तास होणार, हे आवाजावरूनच कळलं.

मागच्या सीटवर आम्ही दोघं. काचेबाहेर हिरवीगार शेतं, इंजिन निवताना टिकटिकत होतं.

"तुमच्या अप्पांना विचारायचं म्हणतोय," संजीव म्हणाला.

"काय?"

"तेच... हुबळीत गॅरेजजवळ घर बघतोय मी. जलद चिगरी बसनं कॉलेजला पाऊण तास. काही लांब नाही. आत्यालाही पसंत आहे."

"आधी मला विचारा की."

"तुम्हाला विचारायची भीती वाटते."

"विचारा."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही माझ्याशी..."

"हो," मी म्हटलं.

"पूर्ण तर करू द्या!"

"करा."

"...लग्न कराल का?"

"हो म्हटलं की."

त्यानं माझा हात घेतला, काळ्या नखांसकट, आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. आतून अंबूताईंच्या हसण्याचा आवाज येत होता.

"ठरलं, हे आत्याला कोण सांगणार?" त्यानं विचारलं.

"तू सांग."

तो चमकून माझ्याकडं बघायला लागला. "काय म्हणालीस?"

"तू सांग, म्हटलं."