कुमुदबुवांच्या पत्त्यातली वेलांटी

पत्ता एकच होता. मैथिलीच्या फोनवर तो टिचकी मारताच उघडत होता आणि आत्याआजीच्या फोनवर काही केल्या उघडत नव्हता.

"परत लिही बरं," मैथिली म्हणाली.

आत्याआजीने चष्मा सारखा केला, सावकाश एकेक अक्षर लिहिलं आणि फोन पुढे धरला. पडद्यावर मघाचंच उत्तर होतं : 'या नावाचं ठिकाण सापडलं नाही.'

"माझा फोन म्हातारा झालाय गं, माझ्यासारखाच."

"फोन गुढीपाडव्याला घेतलाय, आत्याआजी."

आत्याआजी म्हणजे मैथिलीच्या बाबांची आत्या. साऱ्या दापोलीत ती कुमुदबुवा म्हणून ओळखली जायची. कीर्तनकार बाई असली तरी लोक तिला प्रेमाने बुवाच म्हणत. केस काळेभोर होते तेव्हापासून ती गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन गावोगाव उभी राहिली होती. आता गुडघे साथ देत नव्हते. आज रामनवमी. संध्याकाळी राममंदिरातलं कीर्तन झालं की फिरणं बंद, असं तिने सांगून टाकलं होतं. कुणी रडारड करायची नाही, असंही बजावलं होतं.

राहिली होती एकच गोष्ट. तिची आख्यानं (कीर्तनाच्या उत्तररंगात रंगवून सांगायच्या कथा) सगळ्यांना हवी होती. नवे कीर्तनकार विचारत, शाळेतल्या बाई विचारत. आत्याआजीने ती केव्हाच टंकून इंटरनेटवरच्या एका कप्प्यात ठेवली होती. पण त्या कप्प्याची लिंक (तिथे नेणारा पत्ता) होती हातभर लांब. गेल्या वर्षी गुहागरला तिने ती भर कीर्तनात वाचून दाखवली. "मोठा जी, छोटा क्यू, सात, आडवी रेघ, परत मोठा जी..." पेटीवाल्या काकांना वाटलं, बुवांनी नवीन बोल काढले. ते आपले सूर धरून बसले. श्रोते हसून हसून लोळले, पण लिंक कुणालाच मिळाली नाही.

तेव्हाच मैथिली म्हणाली होती, "तुला गाता येईल असा पत्ता मी करून देते." आणि तिने केलाही होता : कुमुदकिर्तन, टिंब, भारत.

आज तो पत्ता आत्याआजी व्यासपीठावरून सांगणार होती. देवळात बसलेले आणि दूर आपापल्या घरांतून ऐकणारे तिचे सगळे श्रोते असे एकत्र पुन्हा कधी भेटणार? आज पत्ता चुकला, तर तो कायमचा हुकला.

"झांजोबा," मैथिलीने हाक मारली, "जरा इकडे ये ना."

झांजोबा हा देवस्थानचा यंत्रमानव. बुवांना झांजेची साथ करायचं काम त्याचं. तो ओटीवर बसून झांज पुसत होता. झांज खाली ठेवून तो आला आणि दोन्ही फोनांकडे पाहू लागला.

"ताल कुठेतरी चुकलाय," तो म्हणाला. "कुणाचा ते शोधू. मैथिलीताई, हे संकेतस्थळ तू कसं केलंस, अगदी पहिल्यापासून सांग."

"आत्याआजीचे लेख कप्प्यात होतेच. मी इंटरनेटवरच्या एका सेवेला सांगितलं, या लेखांचं संकेतस्थळ कर. तिने लेखांमधले मथळे वेचून अनुक्रमणिका केली. पूर्वरंग, उत्तररंग, पदं, असं सगळं नीट लागलं. आता आत्याआजीने मूळ लेखात शब्द बदलला की संकेतस्थळावरचं पानही बदलतं."

"म्हणजे मला नवीन काही शिकायला नको?" आत्याआजीने विचारलं.

"काही नको. तू लिहीत राहा."

"छान. आता ही पानं राहतात कुठे? सर्व्हरमध्ये," झांजोबा म्हणाला. "सर्व्हर म्हणजे सतत जागं राहून मागेल त्याला पानं वाढणारं यंत्र. प्रत्येक सर्व्हरला एक लांबलचक क्रमांक असतो. फोनला तिथे जायला तो क्रमांकच लागतो."

"पण मी तर नाव लिहिते," आत्याआजी म्हणाली.

"बुवा, एसटी स्टँडवर उतरलेला माणूस तुमचं घर कसं शोधतो? अक्षांश-रेखांश विचारतो का?"

"छे. कुमुदबुवांकडे जायचंय म्हणतो. बिनचालकाची रिक्षासुद्धा बरोबर आणून सोडते."

"कारण नाव आणि ठिकाण यांची जोडी रिक्षाला ठाऊक असते. इंटरनेटवर नावाला म्हणतात डोमेन (संकेतस्थळाचं स्वतःचं नाव). ते रीतसर नोंदवावं लागतं. मग जगभरच्या नामसूचींमध्ये लिहिलं जातं की या नावाचा क्रमांक हा. तुमचा फोन आधी सूचीला नाव विचारतो, सूची क्रमांक सांगते, मग फोन त्या क्रमांकाच्या दारात जातो. आणि दारातल्या सर्व्हरलाही आधी सांगून ठेवावं लागतं, की या नावाने कुणी आलं तर कुमुदबुवांची पानं दे."

आत्याआजीचा चेहरा उजळला. "आज माझं निरूपण नाममहिम्यावरच आहे. रूप डोळ्यांना दिसो न दिसो, नाव घेतलं की त्याच्यापर्यंत पोचता येतं. हे तुझं यंत्रही तेच म्हणतंय की रे."

"मग तुझं नाव पोचत का नाही?" मैथिली रडवेली झाली होती. "मी दोन्हीकडे सांगितलंय. सूचीला आणि सर्व्हरलाही."

झांजोबाने दोन्ही फोन शेजारीशेजारी ठेवले. "दोघींनी लिहिलेलं मोठ्याने वाचा."

"कुमुदकीर्तन," मैथिलीने वाचलं.

"कुमुदकीर्तन," आत्याआजीने वाचलं.

"कानाला एकच. आता न वाचता नुसतं बघा."

दोघी वाकल्या. आधी आत्याआजीच्या लक्षात आलं. तिने मैथिलीच्या फोनवरच्या 'कि'वर बोट ठेवलं. तिथे पहिली वेलांटी होती. आत्याआजीच्या फोनवर दुसरी होती.

मैथिलीचे कान तापले. "एवढ्याशा वेलांटीने?"

"सूचीला कान नाहीत," झांजोबा म्हणाला. "यंत्रात प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक चिन्हाला वेगळा आकडा असतो. पहिल्या वेलांटीचा एक, दुसरीचा दुसरा. तुझं नाव आणि बुवांचं नाव सूचीच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत. त्यातलं दुसरं अजून जन्मलंच नाही."

आत्याआजी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत फार कडक. देवळाच्या फळ्यावर सदूकाका दर वर्षी 'किर्तन महोत्सव' असं लिहीत आणि ती दर वर्षी त्यांना झापत असे. आता आपली पाळी, असं समजून मैथिलीने मान खाली घातली.

"बरोबर नाव अजून कुणी घेतलं नाही ना?" आत्याआजीने शांतपणे विचारलं.

"मोकळं आहे."

"मग नोंदव."

मैथिलीने बाबांना बोलावलं आणि दोघांनी मिळून नवं नाव नोंदवलं. सूचीला सांगितलं, सर्व्हरला सांगितलं. "आता ते चुकीचं काढून टाकते," ती म्हणाली.

"थांब गं. सदूने काय लिहिलंय फळ्यावर?"

"किर्तन. पहिली."

"निम्मी दापोली तशीच लिहिते. त्यांना काय दारातून परत पाठवायचं? अगं, देवाला हाक मारताना कुणाचा उच्चार बिनचूक असतो? तरी तो ओ देतोच. झांजोबा, चुकल्यांना घरी आणायची काही सोय आहे का रे?"

"आहे. त्याला पुनर्निर्देशन म्हणतात (एका नावाने आलेल्याला दुसऱ्या नावाकडे पाठवणं). जुन्या दारावर पाटीच लावायची, की बुवा समोर राहतात. सर्व्हर ती पाटी वाचून पाहुण्याला स्वतःच नेऊन सोडतो."

पाटी लागली. मैथिलीने आपल्या फोनवर चुकीचं नाव लिहून पाहिलं. पान उघडलं, आणि वरच्या ओळीतली वेलांटी आपोआप दुसरी झाली. पण आत्याआजीच्या फोनवर तेच : सापडलं नाही.

"आता काय?"

"त्या फोनने मघाशी सूचीला विचारलं, तेव्हा 'नाही' असं उत्तर मिळालं," झांजोबा म्हणाला. "ते उत्तर वाटेतल्या यंत्रांनी काही वेळ लक्षात ठेवलंय. पुनःपुन्हा विचारायचा त्रास नको म्हणून ती तसं करतात. ज्यांनी अजून विचारलंच नाही, त्यांना बरोबर उत्तर मिळायला हवं. बुवांना थोडं थांबावं लागेल."

"आणि संध्याकाळपर्यंत नाहीच उघडलं तर?"

आत्याआजीने पन्ह्याचा पेला मैथिलीच्या हातात दिला. "तुझ्या फोनवर उघडलं ना? मग मी सांगणार. मी राम तरी कुठे पाहिलाय? सांगतेच की जन्मभर."

संध्याकाळी देऊळ भरलं. पूर्वरंग रंगला, मध्यंतरात बुक्का लागला, आणि उत्तररंगाला उभं राहण्याआधी आत्याआजीने चिपळ्या वाजवल्या. पत्ता तिने चालीवर बसवला होता. "कुमुदकीर्तन टिंब भारत," ती गायली. झांजोबाने झांज दिली, पेटीवाले काका या वेळी बरोबर सुरावर आले आणि सगळं देऊळ मागून म्हणू लागलं. टिंबावर मुलं टाळी देत होती.

मग फोन निघाले. मैथिली खांबाला टेकून उभी राहिली.

पुढच्या ओळीतून सदूकाका म्हणाले, "बुवा, उघडलं. पण मी लिहिलं एक आणि वर दिसतंय भलतंच."

"तेच नीट बघून ठेव, सदू. मी सांगून दमले, आता संकेतस्थळ सांगतंय."

देऊळ हसलं, सदूकाका सगळ्यांत जास्त. मग भिंतीवरच्या ध्वनिवर्धकातून दूरचे आवाज येऊ लागले. नागपूरहून कुणीतरी म्हणालं, मिळालं. मस्कतहून एक मुलगी म्हणाली, "बुवा, शबरीचं आख्यान आहे यात. मी उद्या शाळेत करू का?"

"विचारतेस काय," आत्याआजी म्हणाली. "कर. चुकलीस तरी कर."

आरती झाली. पेटीवाले काका मैथिलीजवळ आले. त्यांच्या चालींच्या टिपणांचंही असं काही करता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. तिने मान डोलावली, पण नाव मात्र आधी त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं असं मनाशी ठरवलं.

आत्याआजीचा फोन मैथिलीच्याच हातात होता. तिने पुन्हा एकदा नाव लिहिलं, सावकाश, दुसरी वेलांटी बघून. पान उघडलं.

ती धावत व्यासपीठाकडे गेली. आत्याआजी झांजोबाच्या पत्र्याच्या कपाळाला बुक्का लावत होती. तिने पडद्याकडे पाहिलं आणि बोटावर उरलेला बुक्का फोनच्या पाठीला लावला.

"यालाही पटलं म्हणायचं," ती म्हणाली. "चल, आता गुडघ्यांना बसू दे."