लोडवाले, इकडे या!

"लोडवाले, इकडे या!" अल्काने खिडकीतून हाक मारली, आणि रांगेच्या शेवटी धुळीने माखलेला एक उंच तरुण येऊन उभा राहिला.

गोंदियातल्या त्या दवाखान्यात रक्त काढायचं काम अल्काकडे होतं. रक्तात विषाणू किती, हे मोजायच्या तपासणीला तिथे सगळे नुसतं 'लोड' म्हणत. तरुणाची पाळी आली. तिने त्याच्या दंडाला रबरी पट्टी आवळली, सुई उचलली...

"काऊन बांधून राहिल्या जी?" तो ओरडलाच. "मी सौंदडहून दवाखान्याच्या मेसचा तांदूळ आणला. गाडी लोड आहे. कुठं उतरवू?"

रांग खो खो हसली. अल्काचं हसू तर थांबेचना. आणि तो – बुद्धभूषण त्याचं नाव – पट्टी सोडायचं विसरून तिच्याकडे बघतच राहिला.

त्यानंतर मेसचा तांदूळ रक्ताच्या खिडकीवरून का जाऊ लागला, हे वेगळं सांगायला नकोच.

"आज काय काम काढलं?"

"पट्टी बांधून घ्याले आलो."

"काही कामधंदा नाही का तुम्हाला?"

"आहे नं. पण मनावर लय लोड आहे... तुमच्या घरी मायले घेऊन कधी येऊ?"

अल्काचं हसू मावळलं. तिने सरळ सांगून टाकलं, "मला हिपॅटायटिस बी आहे. लिव्हरचा आजार. जन्मताना आईकडून आला. माझ्याकडून नवऱ्याला जाऊ शकतो... बाळालाही."

तो तसाच निघून गेला. पुढे कितीतरी दिवस तांदूळ दुसराच कोणी आणत होता. हॉर्न वाजला की आपण मान वर का करतो, म्हणून अल्का स्वतःवरच चिडायची.

आणि एके दुपारी तो आला. आल्या आल्या त्याने बाही वर केली. दंडावर इवलासा कापूस चिकटवलेला.

"डॉक्टरले विचारलं. नवऱ्यानं लस घेतली तं त्याले काही होत नाही म्हणे. पहिली घेतली."

"मग इतके दिवस कुठे होता?"

"सुईले लय भेतो जी मी," तो खाली मान घालून म्हणाला. "हिंमतच होऊन नव्हती राहिली."

अल्का हसली, रडली, आणि पुन्हा हसली. "आईंना घेऊन रविवारी या," ती म्हणाली.

लग्न झालं. अल्काला दिवस गेले. आता रक्त द्यायला ती स्वतःच बसली आणि तिचं रक्त लोड तपासायला नागपूरला गेलं. लोड जास्त निघाला तर? आईने नकळत दिलं ते आपण जाणूनबुजून बाळाला द्यायचं? या विचाराने तिला घास गिळवेना.

अखेर डॉक्टरबाईच खिडकीशी आल्या. "अल्का, लोड अगदी कमी आहे. जन्मल्याबरोबर बाळाला लस आणि आणखी एक इंजेक्शन देऊ. मग फारशी भीती नाही."

ती फाटकाकडे निघाली. बुद्धभूषण पोती उतरवत होता.

"काय झालं? सांग नं!"

डोळे पुसत ती म्हणाली, "गाडी... जवळजवळ रिकामी आहे."

तो पोत्यावरच बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

"बाळाले सुई देतील तेव्हा मी जवळच राहीन," तो म्हणाला. मग तिच्यापुढे हात करत... "तू फक्त माझा हात धरून ठेव."