गव्हाची बाबागाडी

शेफाली चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, आणि त्या दिवशी विश्रांतवाडीच्या फुटपाथवर तो सकाळपासून लालच होता. ती बाबागाडी ढकलत होती. आत बाळ नव्हतं, गव्हाची पिशवी होती. शहर माणसांना चालण्याजोगं व्हावं म्हणून धडपडणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती नियोजनाचं काम करायची. बाबागाडी जिथे अडेल तिथे फुटपाथ नापास, अशी त्यांची साधी तपासणी होती. आणि गाडी सारखी अडत होती. कुठे विजेची डीपी, कुठे टपरी, आणि आता ही… आडवी लावलेली मोटरसायकल! आता सांगा, माणसाने चिडू नये तर काय करावं?

"कोणाची आहे ही?" ती कडाडली.

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून एक उंच, सावळा तरुण धावत आला. "सॉरी, सॉरी! दोनच मिनिटं… अरे बापरे, बाळ आहे!" त्याने मोटरसायकल घाईघाईने बाजूला घेतली, बाबागाडी अलगद उचलून पुढे ठेवली आणि लाडाने आत डोकावून पाहिलं.

"हे… गहू आहेत."

"लोकवन. तुम्हाला काय वाटलं, फुटपाथवर गाड्या लावणाऱ्यांच्या भरवशावर मी खरं बाळ आणीन?"

तो हसला. समोरची चिडलेली असताना माणसाने इतकं छान हसू नये, काही रीतभात असते की नाही!

"मी उत्तरेश्वर. इथेच राहतो. पुन्हा कधी बाळाला उचलून घ्यायचं असेल तर… शनिवारी सुट्टी असते मला."

उत्तरेश्वर मूळचा बार्शीचा, पुण्यात आयटीत नोकरीला. तो शनिवारी खरंच आला. मग दर शनिवारी यायला लागला. एका काकूंनी कौतुकाने विचारलं, "कितवा महिना गं?" तर हा गंभीरपणे म्हणाला, "अजून दळायचंय." शेफालीने त्याला कोपर मारलं, पण हसू काही लपलं नाही. स्वारगेटला रस्ता ओलांडताना त्याने तिचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडायला विसरला. तिनेही आठवण करून दिली नाही.

सगळं कसं गोड चाललं होतं. पण नाही! या शहाण्याला राहवेना. शेफालीचा पगार संस्थेला देणगी मिळाली की व्हायचा, नाही मिळाली की नाही. "या महिन्यात झाला का?" तो विचारायचा. "होईल," ती म्हणायची, आणि त्याचा चेहरा उतरायचा. शेवटी तिला एका शब्दाने न विचारता त्याने ओळखीच्या एका बिल्डरकडे तिची नोकरी पक्की केली. वर शनिवार पेठेत जाऊन तिच्या आईला सांगून आला, "काकू, काळजी सोडा." आईने पेढे आणले. शेफालीला हे सगळं कळलं ते त्या पेढ्यांवरून!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला त्याच्या घराखालच्या हॉटेलात गाठलं.

"तू कोण रे माझं ठरवणारा?"

"अगं, दर महिन्याला पगार…"

"आणि काम? ओढा बुजवून पार्किंग कसं बसवायचं त्याचे नकाशे काढू मी? जन्मभर?"

"मग जन्मभर वाट बघणार आहेस?" तोही पहिल्यांदाच ओरडला. चहावाल्याने मान वळवली. "माझे वडील विनाअनुदानित शाळेत शिकवायचे. अनुदान येणार, येणार… मी बारावीला गेलो तरी येतच होतं! किराणावाल्यापुढे आई मान खाली घालून उभी राहायची. तुला तसं नाही बघवणार मला, शेफाली."

तिचा राग गेला नाही. पण आवाज खाली आला.

"वडील रोज जायचे शाळेत?"

"रोज. इस्त्रीचा शर्ट घालून, गुणगुणत… त्याचाच तर राग यायचा मला. अजून येतो."

"मग त्यांच्याशी भांड. त्यांचा राग माझ्यावर कशाला काढतोस? आणि नीट ऐक. पुढच्या महिन्यात पगार होईल की नाही, मला माहीत नाही. तरी मी हेच काम करणार. तू आवडतोस मला… खूप आवडतोस, म्हणून तर एवढं लागलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर पेढा खाऊन विसरले असते."

"आवडतो?"

"तेवढंच ऐकलंस ना?"

"नाही. सगळं ऐकलं."

त्याने फोन काढला. आधी बिल्डरच्या ऑफिसला सांगितलं, "त्यांना नोकरी नकोय. नाही, चूक माझी आहे, मी त्यांना विचारलंच नव्हतं." मग खोल श्वास घेऊन शनिवार पेठेत फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काकू, नोकरीचं मी परस्पर ठरवलं, चुकलं माझं. शेफाली आत्ताचंच काम करणार आहे."

पलीकडून आईचा कोरडा आवाज आला. "बरं. आणि खाणार काय?"

"माझा पगार आहे की…"

"त्याच्या पगारावर नाही हं, आई!" शेफाली टेबलावर हात आपटून म्हणाली.

"तुमचं आधी काय ते ठरवा," आई म्हणाली, "मग मला सांगा."

उत्तरेश्वरने फोन टेबलावर ठेवला. तो पाण्याचा ग्लास फिरवू लागला.

"ठरवू या?… घर दोघांचं. तुझा पगार होईल तेव्हा तू घाल. नाही झाला तर मी 'झाला का' असं विचारणार नाही. कधीच नाही."

"जमेल?"

"धडधडेल. पण विचारणार नाही."

तिने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि तिथे आपला हात ठेवला. तरी भुवया वरच होत्या. "आणि तुलाच कंपनीने काढलं तर? हल्ली रोज कोणाला तरी काढतात."

"तर…" तो बोटांवर हिशोब करू लागला. "तर…"

"तर इकडे यायचं जेवायला," टेबलावरून आवाज आला. फोन कोणी बंदच केला नव्हता. "वरणभात मिळेल. भांडी जावई घासतील."