फाटकाशी थांबलेली बाई

“तुम्हाला हे पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो,” डॉ. हेमचंद्र गुप्ते पोर्चवरच म्हणाले. “पेशवाईपासून आजपर्यंत कोणाच्या बापालाही पटलं नसतं. पण या घरात एक बाई येते. शंभर वर्षांपूर्वी मेलेली. आणि येते ती सिनेमातून.”

नंदू तेव्हा एका पायावर उभा राहून बुटाची नाडी सोडवत होता. अमेरिकेतली दोन-तीन राज्यं ओलांडत पार्सिपनीहून श्रूजबरीपर्यंत गाडी चालवून त्याची कंबर धरली होती, पोटात चहा नव्हता, आणि आता हे. नाडीची निरगाठच बसली.

उल्का मात्र स्टँडमध्ये आपले बूट शांतपणे लावून आत गेली. विमा कंपन्यांसाठी जळकी घरं तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आता ती खाजगी तपास करायची. नंदू तिचा शेजारी, निवृत्त पूल-इंजिनियर. तिचा ड्रायव्हर, आणि त्याच्या स्वतःच्या मते तिचा सहायक.

डॉक्टर टपाल घ्यायला बाहेर गेले होते, तेही मागोमाग आत आले. एक हात चौकटीवर, एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्याची टाच दाबली आणि बूट निघाला. वाकायची सोय नव्हती. गेल्याच वर्षी डावा गुडघा बदलला होता.

“माझा उजवा,” नंदू म्हणाला, आणि दोघांची तिथेच गट्टी जमली.

फोन केला होता तो आसावरीने. डॉक्टरांच्या तळघरात भाड्याने राहणारी, नागपूरची मुलगी, जवळच्या विद्यापीठात सिनेमावर पीएचडी करत होती. ती सोफ्याच्या कडेला बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. खांद्यावरची शाल घट्ट ओढून घेतलेली.

तिने सांगितलं ते असं. मागच्या उन्हाळ्यात या घराच्या माळ्यावर एका मूकपटाचं रीळ सापडलं. कोरा व्हिटलॉक नावाच्या बाईने तो काढला होता, आणि तोही याच घरात. सुरुवातीच्या काळात कितीतरी बायका सिनेमे काढत होत्या. पुढे त्यांची नावं पुसली गेली, त्यातलीच ही एक. रीळ इतकं आकसलं होतं की ते एकदाच, जपून स्कॅन केलं आणि थंड कोठारात ठेवून दिलं. आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याला कोणी हात लावणार नव्हतं. स्कॅनची डिस्क इथे, दिवाणखान्यातल्या टीव्हीलाच जोडलेली असायची, कारण डॉक्टरकाकांना ती पाहुण्यांना दाखवायची हौस.

“आणि कोराची सगळी करामत रिकाम्या जागेत आहे,” आसावरी म्हणाली. “तिचं भूत फाटकाशी येऊन थांबतं. पुढे ते दिसतच नाही. नुसता रिकामा पोर्च दाखवते. मग रिकामं दार. मग तळघराचा रिकामा जिना. काही नसतं, आणि तरी आपल्याला कळतं की ती आत आलीय. माझा सगळा प्रबंध त्यावर उभा आहे. पुढच्या आठवड्यात तो कमिटीला दाखवायचाय.”

“मग अडचण काय?” नंदूने विचारलं.

“त्या जागा आता रिकाम्या नाहीत.”

उल्काने पडदे ओढायला सांगितले. भर दुपारी खोलीत अंधार झाला.

चित्र निळं होतं. रात्र दाखवायला तेव्हा फिल्म निळ्या रंगात बुडवायचे, असं आसावरी पुटपुटली. फाटकाशी एक पारदर्शक बाई आली. गळ्यापर्यंत बंद पोशाख, घोट्याच्या वर चढलेले, ओळीने बटणं असलेले बूट. तिच्या आरपार कुंपण दिसत होतं. ती दिव्याच्या ज्योतीसारखी कमीजास्त होत होती. मागचं झाड आपल्या तालात, ती तिच्या तालात.

मग पोर्च. खांबाआडून तीच बाई पुढे सरकली. आता ती स्थिर होती, धुकं गोठावं तशी. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग.

मग दार. नंदूने ओळखलं, हेच दार, आत्ता आपण आलो ते. बाईने चौकटीवर हात टेकवला. क्षणभर थांबली. तिच्या पावलांपाशी काहीतरी काळं मागे राहिलं आणि ती अनवाणी आत आली.

शेवटी जिना. ती वरून उतरत होती. एक पाय खालच्या पायरीवर, मग दुसरा त्याच्या शेजारी. परत एक पाय, परत दुसरा. लहान मूल उतरतं तशी, सावकाश, घाई नसल्यासारखी. शेवटच्या पायरीवर तिने तो पांढरा डाग वळवून सरळ खोलीकडे पाहिलं.

नंदूच्या मानेवरचे केस उभे राहिले. पडदे उघडल्यावरही ते खाली बसेनात.

“त्या जिन्याखाली माझा पलंग आहे,” आसावरी म्हणाली. “हल्ली मी गाडीत झोपते. आधी त्या जागा रिकाम्या होत्या, उल्काताई, मी शपथेवर सांगते. किंवा मग मलाच वेड लागलंय.”

पोर्चवरची बाई तिला नोव्हेंबरात पहिल्यांदा दिसली, थँक्सगिव्हिंगच्या आधी. दारातली जानेवारीअखेर. जिन्यावरची या सोमवारी.

उल्काला तळघर पाहायचं होतं. डॉक्टर पुढे, नंदू मागे, कठडा धरून दोघं जोडीने उतरले. फिजिओथेरपीवालीने पढवलेला मंत्र दोघांनाही पाठ होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. उतरता उतरता डॉक्टरांचं तोंड सुरूच होतं. चाळीस वर्षं रेडिऑलॉजी केली. एकदा म्हणे एकाच एक्स-रे फिल्मवर चुकून दोन पेशंट घेतले गेले आणि एका पैलवानाच्या पोटात बाळ दिसलं. पैलवानाने पेढे वाटले. आणि मेडिकलच्या गॅदरिंगला नऊवारी नेसून ते स्टेजवर आले की पहिल्या रांगेतले प्रोफेसर उठून खुर्ची द्यायचे.

खाली गार होतं. घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे काहीतरी टिकटिकत होतं. पलंगावरची चादर जशीच्या तशी, न वापरलेली. नंदू तिथे गरजेपेक्षा एक क्षणही थांबला नाही.

वेद तेवढ्यात आला. स्कॅन त्याने केलं होतं. आसावरीच्याच लॅबमधला, उंच, ओशाळलेला मुलगा. सर्व्हरवरची दुसरी प्रत त्यानेच जागा करायला पुसून टाकली होती, आणि ते सांगताना त्याने वर पाहिलं नाही. त्यालाही कोरावरच काम करायचं होतं, पण विषय आसावरीला मिळाला, हेही उल्काने त्याच्याकडून काढून घेतलं.

“मी काही केलं नाही यार, ताई,” तो म्हणाला. “मला करायचं असतं तर नीट केलं असतं.”

“म्हणजे?”

“कोराने फिल्म एकदा चालवली, मागे गुंडाळली, आणि त्याच फिल्मवर परत भूत घेतलं. कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे. दोन वेळा हात सारखा चालत नाही. म्हणून खरं भूत मागच्या चित्रापेक्षा वेगळं मिणमिणतं. आम्ही म्हणतो, ते श्वास घेतं.”

उल्काने मान हलवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथे डॉक्टरांच्या पत्नी रेखाकाकू पोह्यांना फोडणी देत होत्या. घर विकून दक्षिणेत, उबदार अल्फारेटाला मुलाजवळ जायचं त्यांच्या मनात होतं, हे त्यांनी लपवलं नाही. या थंडीत त्यांचा जीव रमत नव्हता, निम्मा हिवाळा त्या तिकडेच होत्या. घरात भूत आहे अशी बोलवा झाली तर नवरा निघेल का, असं उल्काने विचारलं.

“हा? हा तिकिटं लावेल,” काकू म्हणाल्या. “दर सणाला ती बाई याच्या गोष्टीत एकेक पायरी पुढे येते. दिवाळीच्या जेवणाला पोर्चवर आणली. तेव्हा जेवायला आलेले सुमंत भावजी सगळ्यांसमोर हसले, म्हणाले, ‘हेमचंद्र, फिल्ममध्ये तर ती फाटकाशीच थांबते, दाखव की.’ याचं तोंड एवढंसं झालं. मेला जेवला नाही. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकांना सांगितलं की ती दारातून आत येते. आणि परवा पाडव्याला तिला थेट तळघरात उतरवली.”

“पाडवा कधी होता, काकू?”

“मागच्या गुरुवारी.”

उल्का पोह्यांची बशी घेऊन दिवाणखान्यात आली आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. नंदूने दाराकडे पाठ येणार नाही अशी खुर्ची निवडली.

“फाटकाजवळचं भूत खरं आहे,” ती म्हणाली. “म्हणजे कोराचं. ते श्वास घेतं. पोर्चवरचं घेत नाही, दारातलं घेत नाही, जिन्यावरचं घेत नाही. ती तिन्ही नंतर चिकटवलेली आहेत. वेदला हे माहीत होतं, त्याने केलं असतं तर ही चूक केली नसती. आसावरीने स्वतःच्या प्रबंधाचा पायाच उखडला नसता.”

“राहिले आम्ही म्हातारे,” डॉक्टर खुशीत म्हणाले.

“दारातल्या बाईकडे पुन्हा बघा. चौकटीवर हात टेकवते आणि आत येण्याआधी बूट काढून ठेवते.” उल्का थांबली. “आपल्यापैकी कोणालाच ते खटकलं नाही, कारण आपण सगळे तेच करून आत आलो. पण शंभर वर्षांपूर्वीची इथली बाई उंबऱ्यावर पादत्राणं काढत नसे. आणि फाटकाशी तिचे बूट बटणांचे होते. ते सोडवायला बसावं लागतं, हातात बटणं काढायचा आकडा घ्यावा लागतो. दारात ते पायाच्या अंगठ्याने निघाले. ही बाई मराठी घरातली आहे.”

नंदूची नजर आपोआप रेखाकाकूंकडे गेली. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती पोह्यांत घातली.

“काकू, जानेवारीअखेर तुम्ही अल्फारेटाला होता ना?” उल्काने विचारलं.

“हळदीकुंकू आटपून दुसऱ्या दिवशी गेले.”

“म्हणजे घरात एकच माणूस. ज्याला चित्रावर चित्र चढलं की काय दिसतं हे एक्स-रेपासून ठाऊक आहे. जो बाईचा वेश घेऊन वावरू शकतो. वाकता येत नाही म्हणून जो चौकट धरून अंगठ्याने बूट काढतो. आणि क्रम बघा. दिवाळीला गोष्ट, नोव्हेंबरात पोर्च. संक्रांतीला गोष्ट, महिनाअखेर दार. गुरुवारी पाडवा, सोमवारी जिना. प्रत्येक वेळी आधी गोष्ट, मग भूत. डॉक्टर, तुम्ही थाप मारली की तिचा पुरावा बनवत होता.”

वेदचा चमचा बशीत वाजला.

“इथल्या मराठी मंडळाच्या नाटकातला गाऊन होता,” डॉक्टर अखेर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. “सुमंत सगळ्यांदेखत हसला होता गं. आणि मला वाटलं, भूत जास्त दिसलं तर पोरीचंही नाव होईल.”

“पोर गाडीत झोपतेय,” काकू म्हणाल्या.

“काका,” आसावरी म्हणाली, “तिने मुद्दाम काही दाखवलं नव्हतं. तुम्ही ते भरून टाकलंत. कमिटीने हे पाहिलं तर म्हणतील सगळं रीळच खोटं आहे. कोराही खोटी.”

“मूळ फाइल आहे माझ्या कॉम्प्युटरवर. जशीच्या तशी ठेवलीय, देतो,” डॉक्टर घाईने म्हणाले. मग त्यांनी बशी खाली ठेवली. हात मांडीवर ठेवले. त्यांचा स्वर बदलला. “पोर्च मी केला. दार मी केलं. पण जिना मी नाही केला.”

खोलीत कोणाची तरी खुर्ची मागे सरकली. नंदूच्या लक्षात आलं, ती आपलीच.

“करणार होतो. पाडव्यानंतर बसलो. मूळ फाइल उघडली, जिन्यापाशी आलो, आणि ती तिथे आधीच उतरत होती. मी कोणाला सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार माझ्यावर?”

खाली फर्नेस धडधडत सुरू झाला. आसावरीने उल्काचा हात धरला. मूळ फाइलमध्येच बाई असेल तर रिकामा जिना कधी नव्हताच. मग प्रबंधही नव्हता, आणि कोराची करामतही. उल्का वळून तळघराच्या दाराकडे पाहू लागली. तिला असं भुताच्या वाटेकडे पाहताना नंदूने आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्याला भुतापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

“तो जिना परत लावा,” तो म्हणाला.

वेदने लावला. पडदे उघडेच होते, तरी बाई दिसली. फिकट, सावकाश. एक पाय, मग दुसरा शेजारी. एक पाय, मग दुसरा. नंदू पुढे झुकून पाहत होता आणि खुर्चीखाली त्याचा स्वतःचा उजवा पाय नकळत त्याच तालात हलत होता. मग तो थांबला.

“डॉक्टर, प्रत्येक पायरीला ती आधी डावा पाय खाली टाकते. प्रत्येक. उतरताना दुखरा आधी.”

डॉक्टरांचा हात हळूच डाव्या गुडघ्यावर गेला.

“बाई मेली शंभर वर्षांपूर्वी,” नंदू म्हणाला. “मग तिचा गुडघा गेल्या वर्षी कोणी बदलला?”