काळी गोटी

सिया, तो फोन उलटा ठेव. नकुल, डेकवरचा दिवा घालव, किडे येतायत. अंधार राहू दे. ती घरघर होय? ती पलीकडच्या डेटा सेंटरची. तिला काय घाबरायचं?

तर, आपले चारुदत्तकाका. अरे, ते डॉक्टर नाहीत का, मागच्या गणपतीत तुमच्या पानात दमदाटी करून मोदक वाढत होते? माझा जुना दोस्त. ताप शंभर असेल तर शंभरच सांगणारा माणूस, एकशेएक नाही. हे त्याच्या बाबतीत घडलं आणि मला त्याने एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की उठून पाणी प्यायला जातो.

चारुदत्तने उभा जन्म डोंगरापलीकडच्या काउंटीत काढला, मिलर्स फोर्क नावाच्या गावात. एक सिग्नल, दोन चर्च आणि एक लॉज. नाही गं सिया, हॉटेल नाही! लॉजिंग-बोर्डिंग तर मुळीच नाही. पूर्वी इथे गावोगावी पुरुषांच्या अशा संघटना असायच्या. एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणायचं, कोणी आजारी पडला तर त्याचं शेत कापून द्यायचं, मेला तर खांदा द्यायचा, मागे राहिलेल्या बायकापोरांकडे बघायचं. आपलं भजनी मंडळच समजा, फक्त दाराला आतून कडी लावलेलं.

त्यात शिरायचं तर मतदान. आत एक लाकडी पेटी. तिच्यासमोर तबकात पांढऱ्या आणि काळ्या गोट्या. एकेकाने यायचं, हात पेटीत घालायचा, गोटी सोडायची. कोणी कुठली सोडली ते दिसत नाही. सगळ्या पांढऱ्या निघाल्या तर या आत. एक जरी काळी निघाली तर दार बंद. आणि काळी कोणी टाकली ते विचारायचं नाही, सांगायचं नाही. तशी शपथच असते. हे चालू असताना उमेदवाराने बाहेरच्या छोट्या खोलीत पायातलं काढून बसायचं. आतून तीनदा दार वाजलं की अनवाणी आत जायचं.

गावात औषधांचं दुकान होतं हार्लनचं. डॉक्टरचं अक्षर सगळ्या काउंटीत त्याला एकट्यालाच लागायचं, तिथून दोस्ती जमली. चौऱ्याऐंशी साली हार्लननेच चारुदत्तचं नाव लॉजमध्ये सुचवलं. चारुदत्त नवा सूट घालून बाहेरच्या बाकावर बसला, पायातलं काढून. तासाभराने हार्लन बाहेर आला. त्याने नकारार्थी मान हलवली.

एक काळी.

चारुदत्त म्हणाला, “जाऊ दे यार.” पण गेलं नाही. त्यानंतर त्याच माणसांच्या छातीला स्टेथोस्कोप लावताना दर वेळी मनात यायचं, तू होतास का? का तू? एकामागून एक म्हातारे गेले, एकेकाबरोबर त्याचं उत्तरही गेलं. शेवटी उरला एकटा हार्लन.

आणि मग हार्लनही आजारी पडला. चारुदत्त रोज उशाशी बसायचा. एका संध्याकाळी हार्लन म्हणाला, “डॉक, त्या रात्री...”

“बोल ना.”

“नाही सांगता येत. शपथ आहे.”

आठवड्याने गेला. आता बघा पोरांनो, या माणसाची काय अवस्था झाली असेल. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर सकाळची कॉफी प्यायली, त्यानेच आपल्याला दाराबाहेर ठेवलं होतं का? झोप उडाली त्याची. शोभनावहिनी म्हणायच्या, रात्रभर घरात येरझाऱ्या घालतात.

तारीख सांगतो. दोन नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. शनिवार. आपला पाडवा. आणि त्याच रात्री दोन वाजता इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे जाणार होती. दुपारी फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शन झालं. चारुदत्तने हार्लनचा हात हातात घेतला. गार, बोटं सरळ, तळवा छातीवर ठेवलेला. निघताना हार्लनची मुलगी मार्लीन म्हणाली, “डॉक, बाबांना त्यांच्या पांढऱ्या एप्रनमध्ये पुरायचंय. लॉजची पद्धत आहे. तो लॉजच्या हॉलमध्येच राहिलाय. उद्या मला पाहुण्यांतून निघता येणार नाही. आणाल?”

“आणतो की. त्यात काय!”

तिने दिलेली चावी खिशात टाकून तो आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला गेला. गाणी लांबली, जेवण त्याहून लांबलं. वहिनी मुलीकडे राहिल्या, हा एकटाच परत निघाला. गावात पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. बारीक पाऊस. वाटेतच हॉल. म्हटलं, सकाळी धावपळ नको, आत्ताच घेऊन टाकू.

इमारत विकली गेली होती, वीज तोडलेली. फोनच्या उजेडात तो बाहेरच्या खोलीत शिरला. तोच बाक. आतल्या दाराला तीच, आतून डोकावून बघायची झाकणवाली फट. आत मधोमध वेदी आहे, वर बायबल ठेवलेलं असतं, हे त्याला हार्लनकडून माहीत होतं. आता देवाची जागा म्हटल्यावर आपण काय करतो?

बरोबर. त्याने बूट काढले. मोजे भिजले होते, तेही काढले.

आत गेला. पेटी तिथेच होती. तबकातल्या गोट्यांवर एवढी धूळ की काळी कुठली, पांढरी कुठली कळू नये. कपाटातून एप्रन घेतला, बाहेर आला, आतलं दार ओढून कुलूप लावलं. चावी खिशात. बाकावर बसला, एक मोजा उचलला.

आत खुर्ची सरकली.

मग दुसरी.

उंदीर असतील, त्याने स्वतःला सांगितलं. मग पावलं आली. सावकाश. रांगेत चालतात तशी. थांबली.

टक.

लाकडावर गोटी पडल्याचा आवाज. पुन्हा पावलं. टक. पुन्हा... टक.

आणि तेव्हा चारुदत्तचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. बाहेरच्या खोलीत. बाकावर. अनवाणी.

आपण बसलोय कसे, ते त्याला कळलं. आत मतदान चाललं होतं.

पळायचं ना? तुम्ही पळाला असता. त्याला पळवेना. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं ते दुसरं होतं. कोण? तो ऐकत राहिला. टक. ...टक. मग बराच वेळ काही नाही. आणि मग शेवटचा आला. एक पाय घासत, काठी टेकत. ती काठी चारुदत्तनेच लिहून दिली होती, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर.

काठी पेटीपाशी थांबली.

तबकात बोटं फिरली. गोट्या एकमेकींवर घासल्याचं ऐकू आलं.

चारुदत्त दाराला कान लावून उभा होता.

“हार्लन,” तो म्हणाला, “तू होतास का?”

...

...

पेटीत काही पडलं नाही. कितीतरी वेळ. मग काठी वळली. पाय घासत, घासत जागेवर गेली. खुर्ची करकरली.

आणि त्याच्या कानाशी, दारावर, आतून...

टक टक टक.

त्याच्या हातात एप्रन होता म्हणून तेवढा घरी आला. बूट, मोजे, सगळं तिथेच. थंडीत अनवाणी गाडी चालवत. पोचला तेव्हा घड्याळ मागे सरकलेलं. पुन्हा एकच वाजून गेला होता. तो तास त्याला दुसऱ्यांदा, स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावून, काढावा लागला.

सकाळी फ्युनरल होममध्ये मार्लीनने एप्रन उलगडला. तिथला माणूस बांधायला वाकला आणि थांबला.

“डॉक, जरा बघता? हा हात काल असा नव्हता.”

हार्लनची उजवी मूठ मिटलेली होती. घट्ट. आता चारुदत्त डॉक्टर आहे. प्रेताला औषधं भरली की बोटं अशी वळत नाहीत, हे त्याला कोणी सांगायला नको. मार्लीनकडे पाठ करून त्याने एकेक बोट सोडवलं.

...

काय, सिया?

“सो, ही वॉज द वन? की... की दुसऱ्या कोणी टाकू नये म्हणून घेतली?”

हेच विचारलं त्याने मला, बाळा. अगदी असंच.

त्याने ती बोटं परत मिटली, वर एप्रन ओढला आणि शवपेटी उचलायला खांदा दिला. ब्रदर कोणी उरले नव्हते ना.

मुठीत काळी गोटी होती. तिच्यावर धुळीचा कण नव्हता.